आकाराचे मर्म जाणणारा गणिती

नागपूरच्या प्रतापनगर भागात सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे घोळके पदोपदी भेटतात. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था येथून जवळ आणि हिंगण्याची औद्योगिक वसाहतही फार दूर नाही. संगणकाच्या पडद्यावर यंत्राच्या भागाचा आराखडा कसा रेखावा, त्या आराखड्यावरून तो भाग कारखान्यात कसा कातावा आणि कातून झालेल्या भागाचे छायाचित्र यंत्रानेच तपासून त्यातला दोष कसा हुडकावा, हे या मुलांच्या अभ्यासाचे विषय. या तिन्ही विद्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. एखाद्या वस्तूच्या आकारात असंख्य बिंदू असतात. त्यांतून तिची ओळख पटवणारी मोजकी लक्षणे वेगळी कशी काढावीत? या प्रश्नाला गणिताने दिलेल्या उत्तरांपैकी एक अत्यंत महत्त्वाचे उत्तर ही मुले करुनेन आणि लोएव या दोन परकीय नावांनी शिकतात. त्या दोघांच्या आधी ते उत्तर छापून प्रसिद्ध करणारा गृहस्थ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होता, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

मराठी वाचकाला कोसंबी ठाऊक आहेत ते इतिहासकार म्हणून. प्राचीन भारताच्या इतिहासाकडे मार्क्सवादी दृष्टीने पाहणारे, राजांच्या सनावळ्यांपेक्षा नांगर, नाणी आणि व्यापारी मार्ग यांना महत्त्व देणारे विद्वान, अशी त्यांची प्रतिमा. ती खोटी नाही. पण अर्धीच आहे. गणिती कोसंबी आणि इतिहासकार कोसंबी ही जणू दोन निरनिराळी माणसे होती, अशा थाटात त्यांच्याविषयी लिहिण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. माझ्या मते ही दोन माणसे नव्हतीच. एकच दृष्टी दोन ठिकाणी काम करीत होती, आणि ती कशी, हे त्यांच्या आयुष्यक्रमावरूनच दाखवता येते.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे जगन्मान्य पंडित. ज्ञानासाठी घर सोडून काशी, नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथे घालणारा हा पुरुष आमच्या विदर्भालाही अपरिचित नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या आश्रमात जून १९४७ मध्ये त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेत बोलावले, तेव्हा १९१८ साली अकरा वर्षांचा दामोदर, घरातला बाबा, त्यांच्याबरोबर गेला. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावात त्याचे शालेय शिक्षण झाले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी त्याने सर्वोच्च सन्मानासह मिळवली. गणिताबरोबर अनेक युरोपीय भाषाही त्याने आत्मसात केल्या.

पदवीनंतर कोसंबी स्वदेशी परतले. प्रथम बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलिगढ आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी पुण्याचे फर्ग्युसन असा त्यांचा प्रवास झाला. अलिगढला आंद्रे वेय या तरुण फ्रेंच गणितज्ञाचा सहवास लाभला. वेय आणि त्यांचे मित्र पुढे बूर्बाकी या काल्पनिक नावाने ग्रंथ लिहून जगप्रसिद्ध झाले. पण त्या नावाचा गणितावरील छापील लेखात पहिला उल्लेख झाला तो कोसंबींच्या १९३१ मधील एका लेखात, आणि तोही थट्टेने. गणिती मंडळी वाटतात तितकी रुक्ष नसतात.

या काळातले त्यांचे मुख्य संशोधन भूमितीतले होते. वक्रांच्या एखाद्या समुदायाचे वर्णन आपण कोणत्या अक्षांवर मोजतो त्यावर आकडे बदलतात. परंतु काही राशी अशा असतात की अक्ष कसेही फिरवा, त्या तशाच राहतात. अशा अविकारी राशी म्हणजेच त्या आकाराची खरी लक्षणे. १९३३ साली जर्मनीतील एका प्रतिष्ठित नियतकालिकात कोसंबींनी यावर जो निबंध लिहिला, त्याला थोर फ्रेंच गणितज्ञ एली कार्तां यांनी त्याच अंकात पुरवणी जोडली. पुढे चिनी गणितज्ञ चर्न यांनी त्यात भर घातली, आणि आज तो सिद्धांत कोसंबी, कार्तां व चर्न या तिघांच्या नावे ओळखला जातो. वरवरचे बदलले तरी जे बदलत नाही त्याचा शोध घेणे, हा या बुद्धीचा स्वभावच होता असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या स्वभावाचा सर्वांत नवलाचा आविष्कार भूमितीत झाला नाही, जुन्या नाण्यांत झाला. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला कोसंबींच्या कामात हा भाग सर्वाधिक मोलाचा वाटतो, म्हणून येथे थोडे थांबतो.

आपल्या देशातील सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर ठसे ठोकलेले असत. एका बाजूवर सामान्यतः पाच ठसे: सूर्य, सहा आऱ्यांचे चक्र, डोंगर, प्राणी असे. राजाचे नाव नाही, सन नाही, एक अक्षरही नाही. दुसऱ्या बाजूवर मात्र बारीकसारीक खुणा, कोठे एक, कोठे अनेक, कोठे एकही नाही. नाणकशास्त्रज्ञ पुढच्या बाजूच्या चिन्हांचे आकार न्याहाळत, त्यांचे गट पाडत आणि त्या चिन्हांना अर्थ लावण्यात गढून जात. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांच्या चिन्हांची व वजनांची तपशीलवार नोंद १९३९ साली पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केली. ही वजने छापली गेली खरी. पण त्यांतून काही निष्पन्न होऊ शकेल, असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते.

कोसंबींनी तेथेच नेमके बोट ठेवले. नाणे हातोहात फिरते तेव्हा ते झिजते. एकेका नाण्याची झीज पाहून काही कळणार नाही. कारण टाकसाळीतून निघतानाच नाण्यांच्या वजनांत थोडाफार फरक असतो. परंतु एकाच प्रकारच्या शेकडो नाण्यांची सरासरी काढली, तर जितकी वर्षे ती चलनात राहिली त्या प्रमाणात सरासरी घटत गेली पाहिजे, आणि वजनांतील विखुरलेपणा वाढत गेला पाहिजे. हे केवळ तर्काने ठरवून ते स्वस्थ बसले नाहीत. आपल्या काळच्या चलनातील नाण्यांवर सन छापलेला असतो. तेव्हा अशी हजारो नाणी संवेदनक्षम तराजूवर तोलून त्यांनी आपला तर्क पडताळून घेतला. मग तक्षशिलेच्या नाण्यांकडे वळून त्यांनी पाहिले, तो मागच्या बाजूवरील खुणांची संख्या जसजशी वाढते तसतसे सरासरी वजन उतरत जाते. त्यांचा निष्कर्ष असा की मागच्या खुणा राजाच्या नव्हेत. ठरावीक काळाने नाणे पारखून पाहणाऱ्या व्यापाऱ्यांच्या किंवा सराफांच्या त्या असाव्यात. ज्या खुणांना दुय्यम समजून बाजूला ठेवले जात होते, त्याच कालगणनेचे घड्याळ ठरल्या.

या निष्कर्षातील अर्थ किती खोल आहे पाहा. राजसत्तेच्या आधाराशिवाय व्यापारीवर्ग चलनावर देखरेख ठेवीत होता, हे त्यातून सूचित होते. उत्तर मौर्यकाळातील नाण्यांत तांब्याचे प्रमाण वाढलेले आणि वजनांत शिथिलता आलेली त्यांना आढळली. तिचा संबंध त्यांनी साम्राज्याच्या वाढत्या खर्चाशी आणि चलनाच्या वाढत्या मागणीशी जोडला. चलनवाढीचे धडे आपण पाश्चात्य पुस्तकांतील उदाहरणांनी शिकवतो. येथे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे घरचे उदाहरण तराजूच्या पारड्यात पडलेले आहे. कोसंबींचे सगळे निष्कर्ष नाणकशास्त्रज्ञांनी मान्य केले असे नाही. विशेषतः कोणता ठसा कोणत्या राजाचा, याविषयीची त्यांची मते वादग्रस्त राहिली. पण पद्धत मात्र निर्विवाद नवी होती.

शेकडो वस्तू सारख्या असूनही प्रत्येक थोडी निराळी असते. त्या निराळेपणात यादृच्छिक किती आणि अर्थपूर्ण किती, हा नाण्यांनी उभा केलेला प्रश्न. तोच प्रश्न कोसंबींनी १९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकातील तेरा पानांच्या निबंधात शुद्ध गणिताच्या भाषेत सोडवला. फरक इतकाच की येथे प्रत्येक वस्तूला एक वजन नव्हते, अख्खी वक्ररेषा होती.

उदाहरण घेऊन सांगतो. नागपूरच्या तापमानाची वर्षभराची आलेखरेषा काढली तर तीनशे पासष्ट आकडे लागतील. पन्नास वर्षांच्या पन्नास रेषा एकमेकींवर ठेवल्या तर त्या एकमेकींसारख्या दिसतील, तरी तंतोतंत जुळणार नाहीत. प्रथम त्यांची सरासरी रेषा काढा. मग प्रत्येक वर्ष या सरासरीपासून कसे ढळते ते पाहा, आणि असा एक आकार शोधा की ज्यात त्या ढळण्याचा जास्तीत जास्त भाग सामावेल. समजा, संबंध वर्षच अधिक उष्ण किंवा अधिक थंड असण्याचा. तो वजा केल्यावर जे उरेल त्यात पुन्हा सर्वांत प्रभावी आकार शोधा. तो कदाचित पाऊस लवकर अथवा उशिरा येण्याचा असेल. असे करीत गेल्यास चार-सहा मूळ आकारांतच जवळजवळ सगळा फरक सामावतो, आणि तीनशे पासष्ट आकड्यांऐवजी चार-सहा आकड्यांत एका वर्षाचे चित्र सांगता येते. हे आकार आधी कोणी ठरवून दिलेले नसतात. ते त्या रेषांच्या समुदायातूनच निघतात आणि त्यांचे आकडे परस्परांवर अवलंबून नसतात. मोजक्या संख्यांच्या संचांसाठी असा विचार पिअर्सन आणि हॉटेलिंग यांनी पूर्वीच मांडला होता. अखंड वक्ररेषांसाठी, म्हणजे अनंत बिंदूंसाठी, तो मांडण्याचे काम कोसंबींनी केले. फिनलंडचे करुनेन आणि फ्रान्सचे लोएव यांचे तत्संबंधीचे लेखन त्यानंतर दोन ते पाच वर्षांत प्रसिद्ध झाले.

या विचाराचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. १९६७ साली लम्ली यांनी खळाळत्या प्रवाहातील भोवऱ्यांचे आकार ओळखण्यासाठी तो वापरला. १९८७ साली सिरोविच आणि कर्बी यांनी मानवी चेहऱ्यांच्या छायाचित्रांवर त्याचा प्रयोग केला, तेव्हा असे दिसले की हजारो ठिपक्यांनी बनलेला चेहरा चाळीसएक आकड्यांत बऱ्याच अचूकपणे पुन्हा उभा करता येतो. १९९१ साली टर्क आणि पेंटलंड यांनी त्यावरून चेहरा ओळखणारे यंत्र सिद्ध केले, आणि तेही मॅसॅच्युसेट्समधील त्याच केंब्रिज गावात, जेथे बाबा कोसंबी शाळेत जात होता. क्ष-किरण चित्रांतील हाडाची कड शोधणे, मोटारीचे सांगाडे एकामागून एक तयार होत असताना त्यांच्या मोजमापांतील फरक कोणत्या जोडणीतून उद्भवतो ते हुडकणे, अशा कामांतही हीच रीत लागू पडली.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे, अन्यथा आपण भलतेच श्रेय उपटले असे होईल. आराखड्याच्या शास्त्रात लक्षण हा शब्द आणखी एका अर्थाने येतो. भोक, खाच, खळगा, पायरी ही यंत्रभागाची आकारलक्षणे. संगणकात साठवलेला आराखडा म्हणजे नुसते पृष्ठभाग आणि कडा. त्यांतले कोणते मिळून भोक होते, हे हिंगण्याच्या कारखान्यातल्या अनुभवी कारागिराला एका दृष्टिक्षेपात कळते, पण यंत्राला कळत नाही. भोक म्हटले की ड्रिल, खाच म्हटली की मिलिंग, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो. ते यंत्राला शिकवण्याचा एक आरंभीचा प्रयत्न इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात १९८० साली झाला. या दुसऱ्या शाखेचा कोसंबींच्या प्रमेयाशी थेट संबंध नाही. जेथे आकार नाव देण्याजोगे सुटसुटीत नसतात आणि समुदायातल्या फरकांतूनच लक्षण शोधावे लागते, तेथे कोसंबींचे गणित उपयोगी पडते.

मग त्यांचे नाव का मागे पडले? आपल्याकडे असा प्रश्न निघाला की पाश्चात्यांनी अन्याय केला, असे म्हणून मोकळे होण्याची प्रवृत्ती आहे. मला हे पटत नाही. १९४४ साली, म्हणजे अवघ्या एका वर्षानंतर, कोसंबींनी आनुवंशशास्त्रावर एक निबंध लिहिला. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यातले सूत्र आज जगभर कोसंबींच्याच नावाने ओळखले जाते. पिकांच्या सुधारित जातींवर काम करणाऱ्यांना त्यांचे हेच नाव ठाऊक असते. तो निबंध इंग्लंडमधील नियतकालिकात छापला गेला, जीवशास्त्रज्ञांच्या हाती पडला आणि वापरला गेला. १९४३ चा निबंध महायुद्धाच्या धामधुमीत, हिंदुस्थानातील नियतकालिकात आला आणि तो पुढे नेणारा कोणी निघाला नाही. रोद्दम नरसिंह यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने २०११ साली त्याकडे लक्ष वेधले. अलीकडे काही लेखक त्या प्रमेयाला कोसंबींचेही नाव जोडू लागले आहेत. म्हणजे आपल्याच निबंधाची आपणच दखल घ्यायला सहा दशकांहून अधिक काळ लागला. दोष द्यायचाच तर तो येथे द्यावा.

खुद्द कोसंबींकडेही काही दोष जातो, हे त्यांच्या चाहत्यांना रुचणार नाही. १९४५ साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेस गेले, तेही विद्युत गणकयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी. म्हणजे आपले गणित प्रत्यक्षात उतरवू शकणारे यंत्र त्यांनी जन्मतःच पाहिले होते. त्यांच्याच संस्थेत १९६० साली स्वदेशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. तो उभारण्यात अग्रभागी असलेले आर. नरसिंहन, हे वर उल्लेखिलेल्या नरसिंहांहून वेगळे, पुढे चित्रांचे विश्लेषण संगणकाकडून करवून घेण्याच्या शास्त्रातले एक आद्य संशोधक ठरले. अर्थात त्यांची वाट निराळी, चित्राचे घटक आणि त्यांची रचना यांच्या मार्गाने जाणारी. एका छपराखाली प्रमेय होते, यंत्र होते आणि प्रश्नही होता. परंतु तोपर्यंत कोसंबींचे मन इतरत्र गुंतले होते.

ते गुंतले होते, तेथेही काम त्याच जातीचे चालले होते. भर्तृहरीच्या नावावर शेकडो हस्तलिखितांतून निरनिराळे श्लोक आढळतात. कोणते मूळचे, कोणते मागाहून घुसडलेले? कोसंबींनी ही हस्तलिखिते ताडून पाहिली, त्यांच्या शाखा लावल्या आणि सर्वत्र टिकून राहिलेला सुमारे दोनशे श्लोकांचा गाभा १९४८ च्या चिकित्सक आवृत्तीत वेगळा काढला. पुण्याभोवतालच्या टेकड्या ते पायी तुडवीत, गारगोटीची सूक्ष्मास्त्रे वेचीत, आणि धनगरांच्या वाटा, देवींची ठाणी व ती हत्यारे सापडण्याच्या जागा यांचा मेळ लावीत. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि एक नवा संप्रदायच सुरू झाला. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करणाऱ्या या प्राध्यापकाचे रविवार डोंगरांत जात.

उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. अणुशक्तीपेक्षा सौरशक्तीवर भर द्या, असे अणुशक्तीच्या माहेरघरात बसून सांगणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यातच भाभांशी संबंध दुरावले. १९५९ साली, गणितातील अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या रीमानच्या अनुमानाची सिद्धता आपल्या हाती आल्याचा दावा त्यांनी केला, तोही कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही. जो माणूस हजारो नाणी तोलल्याशिवाय तर्क मांडीत नव्हता, त्याने येथे अशी घाई का केली असावी, याचे दुःख होते. १९६२ साली संस्थेतील नेमणूक संपली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. साठी गाठायलाही वर्षभर उरले होते. २००८ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज ती सगळी आकडेमोड संगणक निमिषार्धात करतो. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातही प्रमुख घटकांची पद्धत म्हणून हे गणित शिकवले जाते, आणि विद्यार्थी कोणते तरी तयार आकडे यंत्रात घालून उत्तर छापून आणतात. सर्वाधिक फरक कोणत्या दिशेने आहे ते यंत्र सांगते. पण मोजायचे काय, हे ते सांगत नाही. नाण्याच्या पुढच्या बाजूची ठसठशीत चिन्हे सोडून मागच्या बाजूच्या क्षुल्लक खुणा मोजाव्यात आणि त्यांच्याशेजारी वजन मांडावे, ही सूचना कोणत्याही प्रमेयातून आलेली नव्हती. ती सराफाचा व्यवहार जाणणाऱ्याच्या डोक्यातून आली होती. आमच्याकडे गणिताचा विद्यार्थी इतिहासाच्या वर्गाकडे फिरकत नाही, इतिहासाच्या विद्यार्थ्याला सरासरी म्हटले की घाम फुटतो, आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांना यात काही बिघडले आहे असे वाटत नाही.

सन छापलेली नाणी प्रत्येकाच्या खिशात आहेत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा तराजू असतो. आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र विभाग आणि ती प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक जिना आहे. तो उतरून दहा रुपयांची शंभर नाणी तोलून आणण्यास विद्यार्थ्यांना पाठवावे, असे मी गेल्या वर्षी सुचवले, तेव्हा हे कोणत्या विषयाच्या प्रात्यक्षिकात धरायचे, असा प्रश्न बैठकीत निघाला आणि तो अद्याप निकाली निघालेला नाही.